सापळा नंबर चार

३ फेब्रुवारी

विल्फच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन तीन दिवस झाले, आणि आज दुपारी त्याने मला न विचारता विकून टाकलं.

गिल रेल्फ त्याला बघायला आली होती. चिखलाचे बूट दाराशी काढले, एवढी शिस्त शाळेच्या भोजनघरात मीच तिला लावली होती. एकतीस वर्षं मी या खोऱ्यातल्या पोरांना जेवू घातलं, गिल त्यातलीच. आता ती साडेचारशे मेंढ्या सांभाळते आणि उरलेल्या वेळात तांबड्या खारी. विल्फ तिच्या गटात पंधरा वर्षं आहे. सकाळ-संध्याकाळ केल्डच्या रानात जायचं, सापळे बघायचे. घरी येऊन तो त्यातलं काही सांगत नाही, मीही विचारत नाही. आम्ही भावंडं अशीच.

गिल म्हणाली, "विल्फ, तुझी फेरी कुणाकडे द्यायची?"

पलंगावरून हा म्हणतो, "बेरिल करेल की. दिवसभर घरात मला बडबडण्यापेक्षा बरं."

मी म्हटलं, "मला खारींतलं काही कळत नाही."

"बेरिलबाई, सहाच आठवडे," गिल म्हणाली. लहानपणी जास्तीचं कस्टर्ड मागताना जसं तोंड करायची तसंच केलं. मी हो म्हणून बसले.

नोंदींसाठी तिने एक हिरवी वही दिली आहे. खारींचा हिशेब त्या वहीत. बाकीचं इथे, कारण ते कुणाला तरी सांगावंसं वाटतंय आणि विल्फला सांगायची माझी तयारी नाही.

६ फेब्रुवारी

पाच सापळे, तीन दाणापेट्या, दोन कॅमेरे. विल्फने नकाशा काढून दिला. आयुष्यभर दगडी कुंपणं रचली त्याने, त्यामुळे नकाशात झाडं कमी आणि भिंती जास्त. "सापळा दोन: ८९ साली रचलेल्या भिंतीचं टोक." ८९ साली कुठली भिंत रचली हे मला कसं माहीत असणार?

काम सांगायला सोपं आहे. जाळीचा पिंजरा, आत मका आणि शेंगदाणे, वरून गोणपाट. तांबडी खार अडकली तर लगेच सोडायची. करडी अडकली तर गिलला फोन. करड्या खारींच्या अंगात देवीचा रोग असतो, त्यांना तो बाधत नाही. तांबडीला झाला तर पंधरा दिवसांत संपते. म्हणून या खोऱ्यात करडी येऊ द्यायची नाही. इंग्लंडात बहुतेक ठिकाणी करड्याच उरल्यात. इथे अजून तांबड्या आहेत, कारण पंधरा वर्षं विल्फसारखी माणसं रोज पहाटे उठताहेत. हे गिल म्हणाली, विल्फ नाही.

सापळा एकमध्ये तांबडी होती. आजवर मी त्या लांबूनच बघितल्या, भिंतीवरून पळणारी शेपूट तेवढी. आज वीतभर अंतरावर. कानांवर केसांचे तुरे, पोट दुधासारखं पांढरं, आणि संताप असा की जणू जेवणाच्या रांगेत मीच मधे घुसलेय. दार उघडलं. पळाली नाही. पिंजऱ्याच्या माथ्यावर बसून पाय आपटून मला शिव्या दिल्या, मग बीचच्या झाडावर गेली.

घरी आल्यावर विल्फने विचारलं, "काय होतं?"

"एक तांबडी. सोडली."

"हं," तो म्हणाला.

मी चहा ठेवला. दूध घालायचं विसरले, थंडी फार आहे.

९ फेब्रुवारी

सापळा नंबर चार मि. कॅम्पबेल यांच्या बागेच्या भिंतीवर आहे. चार वर्षांपूर्वी ते बायकोला घेऊन बर्मिंगहॅमहून इथे राहायला आले. तिकडे बस चालवायचे. त्यांची बायको व्हर्ना इथला पहिला हिवाळाही पुरा बघू शकली नाही. अंत्यविधीला मी सँडविच करून दिली होती. त्यानंतर आमचं बोलणं म्हणजे पोस्टाच्या दारात "हवा काय म्हणते" एवढंच.

आज त्यांनी चहाला थांबवलं. खिडकीसमोर पक्ष्यांना दाणे घालायचं लाकडी टेबल आहे. त्यावर एक करडी खार बसून खुशाल खात होती. डावा कान फाटलेला. माझ्या सापळ्यापासून शंभर पावलांवर!

"तुम्ही तिला खायला घालता?" मी विचारलं.

"मी चिमण्यांना घालतो. ती चिमण्यांची पाहुणी." मग हसून म्हणाले, "मिस डॉकरे, माझा बाप जमैकाहून बर्मिंगहॅमला आला, मी तिथून इथे. तुमच्या त्या वहीत माझ्या रंगाचा रकाना आहे का?"

ते गमतीत म्हणाले. पण मला हसता येईना, आणि न हसणंही बरं दिसेना. मी म्हटलं, "मी काय, सहा आठवड्यांपुरती आहे."

"आम्हीही या घरात सहा आठवडे राहून बघणार होतो," ते म्हणाले आणि केटली पुन्हा भरली.

भिंतीवर सापळा ठेवायला त्यांनी विल्फला होकार कसा दिला कुणास ठाऊक. विचारलं तर विल्फ म्हणतो, "मी त्याची भिंत बांधून दिली, त्याने मला भिंतीवरची जागा दिली."

१६ फेब्रुवारी

सापळा दोनमध्ये करडी. गिल आली, छऱ्यांची बंदूक घेऊन. मी पोतं धरलं. सापळ्यातून पोत्यात, पोत्याच्या कोपऱ्यात, मग दोन सेकंद. बस.

गिल हात पुसत म्हणाली, "मला हे कधीच आवडलेलं नाही, बेरिलबाई. ज्या दिवशी आवडायला लागेल त्या दिवशी माझ्या हातातून बंदूक काढून घ्या."

घरी येऊन बटाटे सोलत बसले. दोघांच्या जेवणाला तेवीस बटाटे सोलले. विल्फने टोपल्याकडे बघितलं. रात्रीला मटण-बटाट्याचा रस्सा केला, उद्याही तोच.

२७ फेब्रुवारी

हे लिहून ठेवते, कारण हिरव्या वहीत लिहिलं नाही.

सकाळी सापळा चारचं गोणपाट उचललं, आत फाटक्या कानाची करडी. मि. कॅम्पबेल बागेत उभे होते, कोट घालून, टाय बांधून. मंगळवारी सकाळी साडेसातला.

"आज व्हर्नाचा दिवस," ते म्हणाले. "थडग्यावर जाऊन येतो."

मग त्यांचं लक्ष पिंजऱ्याकडे गेलं. सोडा म्हणाले असते तर मी नाही म्हटलं असतं, देवाशपथ. कायदाच आहे तसा, पकडलेली करडी परत सोडणं गुन्हा आहे. पण त्यांनी मागितलंच नाही. नुसते टोपी हातात घेऊन उभे राहिले. म्हणाले, "ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी ही टेबलावर आली. आठवडाभर घरात दुसरं कुणी आलं नव्हतं."

त्या आठवड्यात मी तरी गेले होते का? सँडविच दिली आणि घरी आले.

मी दार उघडलं.

हिरव्या वहीत लिहिलं: सापळा ४, रिकामा. एकतीस वर्षांत पोरांच्या ताटांचा आकडा मी एकदाही खोटा लिहिला नव्हता.

२ मार्च

मि. कॅम्पबेल आल्याचा केक घेऊन आले. स्वतः भाजलेला, काळाभोर, ओलसर. मध्ये थोडा बसला होता. ओव्हनचं दार घाईने उघडलं असणार, मी सांगितलं त्यांना तसं. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. एवढ्याशा गोष्टीसाठी कागद!

विल्फने तीन तुकडे खाल्ले. ते गेल्यावर म्हणाला, "केक कशाबद्दल?"

"शेजारी म्हणून."

"चार वर्षं शेजारीच आहे तो. सापळा चारमध्ये काही नाही ना आलं?"

"रिकामा होता," मी म्हटलं.

"हं," विल्फ म्हणाला.

१९ मार्च

केल्डच्या वाटेवर, भर उजेडात, तांबडी बसली होती. मी जवळ गेले तरी हलली नाही. आधी वाटलं माणसाळलीय. मग तिने तोंड वर केलं. दोन्ही डोळे सुजून बंद, ओठांवर आणि पंजांवर ओल्या खपल्या. आवाजाच्या दिशेने मान वळवायची आणि पुन्हा खाली घालायची.

मी स्वेटर काढून तिच्यावर टाकला आणि गुंडाळून उचललं. अंगात वजन असं नव्हतंच. लोकरीच्या मोज्यांच्या जोडीएवढं. गिल येईपर्यंत वीस मिनिटं मांडीवर धरून बसले. काय बोलत होते ते आठवत नाही, पण बोलत होते.

जनावरांच्या डॉक्टरने इंजेक्शन देऊन तिला मोकळं केलं. नमुना प्रयोगशाळेत पाठवलाय, पण गिलला उत्तर आधीच ठाऊक होतं. गाडीत बसून तिने किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"पंधरा वर्षांत केल्डमध्ये पहिल्यांदा," ती म्हणाली.

मी बोटांवर मोजलं. सत्तावीस फेब्रुवारी ते आज. एकवीस दिवस.

२० मार्च

सगळ्या दाणापेट्या उतरवल्या. तांबड्या एका ठिकाणी जमल्या की रोग एकीकडून दुसरीकडे जातो, म्हणून खोऱ्यात कुणीच दाणे घालायचे नाहीत, पक्ष्यांनाही नाही. सकाळी गिलने निरोप फिरवला आणि दुपारी गावच्या सभागृहाच्या स्वयंपाकघरात सव्वीस माणसं. पबवाला, पाद्रीबाई, पोस्टातली मुलगी, वर टेकडीवरून ऑस्टिन फिअरन. त्याचं कुत्रं आजारी पडलं तरी एरवी तो कामाचा दिवस मोडत नाही. पेट्या, सापळे, झाकणं, सगळं औषधाच्या पाण्यात बुडवून घासलं. मोठी भांडी कशी घासायची हे मला कुणी शिकवायला नको, तेव्हा सिंक माझ्या ताब्यात होतं. सगळे मला म्हणत होते, "बेरिल, तू आहेस म्हणून बरं." ब्रश हातातून दोनदा निसटला.

२६ मार्च

आणखी तीन मेलेल्या. प्रयोगशाळेचं उत्तर आलं. देवीच.

मि. कॅम्पबेल यांच्याकडे गेले तर ते पक्ष्यांचं टेबल उपटत होते. स्क्रू गंजलेले, बोटाला रक्त आलेलं. मी रुमाल बांधला.

"मिस डॉकरे, पुढच्या सभेत आपण दोघं मिळून सांगू."

"दार मी उघडलं."

"मी तिथे टोपी घेऊन उभा होतो. पस्तीस वर्षं बस चालवली मी, पुढे उभ्या माणसाला काय हवंय ते न बोलता कळतं. मला काय हवंय ते तुम्हालाही कळलं."

"वहीत खोटं मी लिहिलं," मी म्हटलं. "त्यात तुम्ही नव्हता."

त्यांनी एक गंजका स्क्रू खिशात टाकला. मग म्हणाले, "निदान शेजारच्या खुर्चीवर बसू द्या."

५ एप्रिल

सांगितलं.

सभागृहात पन्नास-साठ माणसं होती. गिलने भिंतीवर नकाशा लावला होता, मेलेल्या खारींचे काळे ठिपके, सात. आणखी सापळे कुठे लावायचे यावर बोलणं चाललं होतं. मी उभी राहिले. आधी ठरवलेलं सगळं विसरले. म्हटलं, "सत्तावीस फेब्रुवारीला सापळा चारमध्ये करडी होती. मी ती सोडली. वहीत रिकामा लिहिलं."

शेजारून डेस्मंड कॅम्पबेल उठले. "आणि ती माझ्या टेबलावर खाऊन वाढलेली," ते म्हणाले.

मग ऑस्टिन फिअरन बोलला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

"बेरिल, माझ्या बापाने मला केल्डमध्ये पहिली तांबडी दाखवली. माझ्या नातीला मी दाखवली. पंधरा वर्षं बर्फात, पावसात गेलो. तुला दया आली असेल. आम्हाला येत नव्हती असं वाटतं का तुला?" टोपी घातली आणि निघून गेला. दार त्याने आपटलं नाही, हळू लावलं.

त्याचं एकही अक्षर चुकीचं नव्हतं.

गिल व्यासपीठावरून खाली आली. मला वाटलं, वही परत मागणार. तिने वही माझ्यासमोर उघडून धरली आणि पेन दिलं. "सत्तावीस तारीख दुरुस्त करा." सगळ्यांसमोर मी 'रिकामा' खोडून 'करडी, १, सोडली' लिहिलं आणि सही केली.

मग ती सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "वीस फेब्रुवारीला खिंडीतल्या कॅमेऱ्यात दोन करड्या दिसल्या होत्या, त्या आपल्याला सापडल्या नाहीत. रोग त्यांनी आणला की सापळा चारमधल्या खारीने, हे कधीच कळणार नाही. बेरिलबाई, तुमचा दोष नाही असं मी म्हणणार नाही, कारण मला माहीत नाही. तुमचाच आहे असंही म्हणणार नाही. हे असंच सोबत घेऊन राहावं लागेल तुम्हाला." आणि थोडं थांबून म्हणाली, "उद्या सकाळी सातला सापळे तपासायला कोण जातंय?"

कुणी हात वर केला नाही. मला कळेना की ती मलाच विचारतेय. पाद्रीबाईने कोपराने ढोसलं तेव्हा कळलं.

घरी आले तर विल्फ कुबड्या टेकत दारापर्यंत आला होता. मी सांगायला तोंड उघडलं, तो म्हणाला, "केकच्या दिवशीच कळलं मला."

"मग बोलला का नाहीस?"

"सांगायचं तुला होतं. मी काय सांगणार?" त्याने चहा ठेवलेला होता. कुबड्यांवर, कसा कुणास ठाऊक. साखर जास्त झाली होती. सगळा प्यायले.

८ एप्रिल

सापळा चार. करडी. डावा कान फाटलेला.

गिलला फोन केला. डेस्मंड बाहेर आले, बघितलं, म्हणाले, "तीच." मी म्हटलं, तुम्ही आत जा. ते गेले नाहीत. मी पोतं धरलं तेव्हा त्यांनी पिंजऱ्याचं दार धरलं. झाल्यावर गिल म्हणाली, "माफ करा, मि. कॅम्पबेल," तर ते म्हणाले, "माफी कसली पोरी. उद्यापासून मला काम दे."

वहीत: सापळा ४, करडी, १.

त्या बागेच्या भिंतीवर आम्ही दोघं नंतर बराच वेळ बसलो होतो. व्हर्नाबद्दल बोलले ते. गाणं म्हणायची, बेसूर, असं म्हणाले. माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी ऐकलं.

११ मे

कॅमेऱ्यांत काहीच नाही. कोल्हा, हरीण, पाऊस. एकूण अकरा मेलेल्या सापडल्या. न सापडलेल्या किती, देवाला माहीत. रानात पाखरं आहेत, पण फांद्या हलत नाहीत. इतकी वर्षं त्या हलायच्या तेव्हा माझं लक्षही नव्हतं.

सापळ्यांची जाळीची दारं वाकलेली होती, ती कुणीतरी दुरुस्त केलीत. पाचही. तारेची गाठ ऑस्टिनच्या हातची आहे असं विल्फ म्हणतो. मी रस्त्यात ऑस्टिनला "आभारी आहे" म्हटलं. तो कुत्र्याशी बोलत पुढे गेला.

३० जून

डेस्मंड आता सापळे तीन, चार, पाच बघतात आणि मी एक, दोन. पण ते म्हणतात एकट्याने चुकायला होतं, म्हणून पाचही आम्ही दोघंच बघतो. वेळ दुप्पट लागतो. या अडचणीवर गिलशी बोलायला हवं.

विल्फचा खुबा अजून बरा नाही. डॉक्टर म्हणतो उत्तम आहे, पण विल्फ म्हणतो केल्डची चढण जमणार नाही, फेरी तूच ठेव. परवा स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं तर हा शिडीवर चढून पन्हळी साफ करत होता. मला बघताच लंगडायला लागला. खुबा फक्त रानाच्या दिशेने दुखतो, असं कसं? डॉक्टरला विचारलं पाहिजे.

१४ ऑगस्ट

आज आधी हे लिहिते, स्वयंपाक नंतर.

पाच आठवडे झाले, एकही नवी मेलेली खार नाही, करडीही नाही. म्हणून गिलने मागच्या सोमवारी एकच दाणापेटी लावायला परवानगी दिली, बीचच्या झाडाला. आज डेस्मंडनी कॅमेऱ्यातलं कार्ड काढून लॅपटॉपला लावलं. पहिल्या चाळीस चित्रफिती पानांच्या. मग झाकण डोक्याने उचलणारं काहीतरी. तांबडं.

जवळ आल्यावर दिसलं: डाव्या पापणीवर जुना व्रण, ओठापाशी केस नसलेली जागा. देवी येऊन गेलेली. आणि जिवंत! शेपूट नीट, अंग भरलेलं, दाणा दोन्ही पंजांत धरून फोडतेय.

गिलला फोन केला. मेंढ्या तशाच सोडून आली. आमच्या स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच ती चित्रफीत तिने नऊ वेळा बघितली. मग भांडी पुसायच्या टॉवेलात तोंड खुपसून रडली. शाळेत गुडघा फुटला तेव्हाही ती रडली नव्हती.

"काहीजणी वाचतात," ती म्हणाली. "फार थोड्या. पण वाचतात, आणि मग त्यांना पुन्हा सहसा होत नाही."

संध्याकाळी दारावर थाप पडली. ऑस्टिन. टोपी हातात. आत ये म्हटलं तर उंबऱ्यावरच उभा राहिला.

"गिल म्हणाली तुझ्याकडे एक आहे."

लॅपटॉप दारात नेऊन दाखवला. तो वाकून बघत राहिला. चष्मा पुसला.

"बेरिल," तो म्हणाला, एप्रिलनंतर पहिल्यांदा नाव घेऊन, "पुन्हा लाव."

चार वेळा लावलं. जाताना म्हणाला, "केल्डच्या वरच्या अंगाला दोन सापळे मी बघतो. तुला तिथवर चढायला नको." मला चढता येतं. पण नाही म्हटलं नाही.

२३ सप्टेंबर

तिची दोन पिल्लं आहेत. एकाला अजून उडी जमत नाही. मारतं, फांदी चुकते, खालच्या फांदीला लोंबकळतं, आणि असं दाखवतं की तेच ठरलं होतं. डेस्मंड म्हणाले, "नव्या ड्रायव्हरांचं असंच असतं." त्या पिल्लाला बघत आम्ही इतका वेळ उभे होतो की घरी गेले तर विल्फने स्वतःचं जेवण स्वतः करून खाल्लेलं. लंगडतही नव्हता.

१९ ऑक्टोबर

आज मोजणी.

त्रेचाळीस माणसं आली. अंधार निवळायच्या आत प्रत्येकाने आपापल्या झाडाखाली जाऊन बसायचं, तासभर हलायचं नाही, दिसेल ते लिहायचं. घरी पोचून लोकांची नावं मनात म्हणत बसले: पबवाला, त्याची बायको, पाद्रीबाई, टेकडीवरून ऑस्टिन आणि त्याची नात, पोस्टातली मुलगी तापात होती तरी आली. यांतल्या कितीजणांना मी जेवू घातलंय. मला वाटायचं, देणारी मी आणि घेणारे ते. एप्रिलमध्ये यांच्यातला कुणीही मला म्हणू शकला असता, बाई, आता घरी बस. एकानेही म्हटलं नाही. सकाळी सातला कोण जातंय, एवढंच विचारलं.

डेस्मंड आणि मी बीचखाली होतो. आठच्या सुमाराला सोनेरी उजेड आला आणि ती व्रणवाली खाली उतरली. मागे दोन्ही पिल्लं. मग चौथी, अनोळखी, खिंडीच्या बाजूने. ती कुठून आली असेल? मी लिहायला गेले तर पेन्सिल डेस्मंडकडे, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी, त्याला कागद दिसेना. शेवटी मीच लिहिलं. चार.

सभागृहात गिलने सगळे कागद एकत्र केले, दुबार दिसलेल्या वगळल्या आणि फळ्यावर आकडा लिहिला. नऊ. गेल्या वर्षी एकतीस होत्या. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ऑस्टिन उठून म्हणाला, "नऊ," जसं प्रार्थनेनंतर आमेन म्हणतात, आणि मग सगळेच उठून एकमेकांचे हात हातात घ्यायला लागले. मी रात्रीच करून ठेवलेला रस्सा गरम केला. त्रेचाळीस ताटं वाढली, मोजून. बरोबर भरली.

दुपारी दाणापेटी भरायला पुन्हा केल्डला गेलो. वाटेत कुंपण ओलांडायची दगडी पायरी आहे, पानं पडून निसरडी झालेली. डेस्मंड आधी पलीकडे उतरला आणि हात पुढे करून म्हणाला, "सांभाळ, बेरिल. हळू ये."

मी हात धरून उतरले. पेटी भरली, झाकण तपासलं, परत आलो. गाडीपाशी पोचून किल्ली काढायला गेले तेव्हा लक्षात आलं की उजवा हात रिकामा नाही. वाट निसरडी होती खरी. पण ती पायरीपाशी. पुढचा रस्ता डांबरी आहे.

किल्ली डाव्या हाताने काढली. थोडा वेळ लागला.